जिलेबीचं स्थळ

आमच्या कुत्रीचं नाव जिलेबी. पुण्या-मुंबईचे पाहुणे हे ऐकून हसतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे केशरी, पाकात निथळणारी नाजूक वस्तू येते. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हसू येत नाही. इथली जिलेबी माव्याची. रंगानं जुन्या गुळाच्या ढेपेसारखी आणि अंगानं चांगली दणकट. मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानच्या दिवसांत ती आमच्या गावाच्या नावावर खपते. चॉकलेटी लॅब्रॅडोरचं पिल्लू घरी आलं, पायपुसण्यावर वेटोळं घालून झोपलं, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, जिलेबी!" बारसं तेवढ्यात उरकलं.

न्यूफाउंडलंडच्या गारठलेल्या पाण्यात कोळ्यांची जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातली ही जात. निमाडात ती मे महिन्यात मोरीत राहते. आम्ही आंघोळीला तिची परवानगी काढून जातो.

पहिलं वर्षभर तिच्याविषयी गल्लीत एकच प्रश्न होता: चावते का? दुसऱ्या वर्षी तो बदलला. "हिचं काही बघताय की नाही?" हा सूर मला ओळखीचा होता. धाकट्या बहिणीला सत्ताविसावं लागलं तेव्हा हीच मंडळी याच ओट्यावर बसून हेच विचारत होती. फरक इतकाच की बहिणीच्या वेळी कुणी आगाऊ मागणी नोंदवली नव्हती. जिलेबीच्या बाबतीत मात्र विचारणारा प्रत्येक जण चपला घालता घालता सांगून जायचा, "झाली की एक आमचं हं."

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. तोंडी मागणी मला खपत नाही. दोनशे पानी वही आणली, नाव, नर की मादी, रंग आणि शेरा असे रकाने आखले. दोन महिन्यांत अकरा नावं झाली. लॅब्रॅडोरला साधारण सहा ते आठ पिल्लं होतात. म्हणजे अजून नवरा ठरलेला नाही, आणि तिघं ते पाचजण वेटिंगवर.

एवढ्यात भाद्रपद आला.

घरच्या कुत्रीला पंचांग नसतं. सहा-सात महिन्यांनी ती केव्हाही हीटवर येते. रस्त्यावरच्या मंडळींचा मुहूर्त मात्र ठरलेला, आणि मराठीत त्यावरून जी विशेषणं पडली आहेत ती इथे लिहिण्याजोगी नाहीत. त्या वर्षी दोन्ही योग जुळले. शनवाऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंतच्या मोहल्ल्यांतले यच्चयावत उपवर आमच्या ओट्यासमोर येऊन बसले. एक काणा, एक लंगडा, एक इतका म्हातारा की त्याला बसल्यावर उठवायला दुसरा लागे. एकाच्या कानाला खाच होती. खाच म्हणजे याची नसबंदी होऊन चुकली आहे, पुन्हा धरू नये. तो नुसता वऱ्हाडी म्हणून आला असावा. गौरी जेवायला आल्या त्या दुपारी मी मोजले, नऊ होते. सवाष्णी त्यांच्यामधून पदर सावरत आत आल्या. जिलेबी मुलीची जुनी चड्डी घालून खिडकीत उभी होती आणि त्या नऊजणांकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती नजर पाहून मी घाईनं पडदा ओढला. बापाला काही गोष्टी दिसू नयेत.

"मुक्या जिवाला एकदा तरी आईपण लाभू दे रे," आई म्हणाली. "नाहीतर शाप लागतो."

आईचं हे म्हणणं एकटीचं नाही. एक वेत होऊ दिलं की कुत्री निरोगी राहते, शांत होते, हे गावातले निम्मे लोक सांगतात आणि उरलेले निम्मे त्याला मान हलवतात. बायकोनं मात्र हलवली नाही. तिनं खिडकीतून तापीच्या दिशेला बोट दाखवलं.

तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे, मोगलांची हरणं पाळायची बाग. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली, तेव्हा तिला आधी तिथे ठेवलं. सहाएक महिन्यांनी देह आग्र्याला नेला. लग्न १६१२ चं. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं, त्यातली सात जगली. गावाला या गोष्टीचा अभिमान आहे आणि एक कायमची तक्रारही. ताजमहाल खरं तर इथंच व्हायचा होता, असं आमचे गाइड छातीवर हात ठेवून सांगतात, जणू वीट-चुना उतरवून घेतला होता आणि ऐन वेळी टेंडर रद्द झालं.

"ताजमहाल सगळ्यांना दिसतो, आई," बायको म्हणाली. "पण चौथ्यानंतर तिला कुणी विचारलं असेल का, की बाई गं, पुरे झालं का?"

आई काही बोलली नाही. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी तिचा पाचवा.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. तात्यांची शहापूर रस्त्याला केळी. आमच्या जिल्ह्याचं सरकारी कागदावरचं उत्पादनच केळी आहे, त्यामुळे तात्या बोलतात तेव्हा जिल्हा बोलतो. त्यांनी ओट्यावर बोटानं हिशेब मांडला. "आठ पिल्लं धरा. एकाचे दहा हजार. ऐंशी हजार घरबसल्या. आणि सूनबाई ऑपरेशनचं बोलतात! निसर्गाच्या विरुद्ध आहे ते. देवानं दिलेलं कापायचं नसतं."

तात्यांच्या शेतात ग्रँड नैन जातीची केळी आहे. प्रयोगशाळेत टिश्यूकल्चरनं केलेलं रोप, सगळी झाडं एकमेकांच्या नकला, फळात बी औषधालाही नाही. अख्खा तालुका ज्या फळावर जगतो त्याला स्वतःला पोर होत नाही. बरं, झाडाच्या बुडाशी जे कोंब फुटतात त्यांना आमच्याकडे पीलच म्हणतात. तात्या ती दर पंधरा-वीस दिवसांनी विळ्यानं छाटतात, का, तर आईची ताकद खाली जाऊ नये, घड भरावा. हे मी त्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "झाडाचं वेगळं."

"बरं, जनावराचं घ्या. परवा पोळ्याला तुम्ही कुणाला पुरणपोळी भरवलीत?"

"बैलांना."

"बैल म्हणजे काय हो तात्या?"

तात्या चहा पीत होते. कप तोंडाशी थांबला. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी खोंड बडवत आला, त्याशिवाय तो बैल होत नाही आणि नांगराला जुंपता येत नाही. त्या बडवण्याला भूल नव्हती, टाका नव्हता, आणि निसर्गाचं नाव कुणी काढलं नव्हतं. उलट वर्षातून एक दिवस त्याच्या शिंगांना हिंगूळ लावून आपण त्याच्या पाया पडतो. माफी मागायची याहून देखणी पद्धत मला ठाऊक नाही.

"शेतीचं वेगळं," तात्या म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

ऐंशी हजारांचा आकडा मात्र माझ्या डोक्यात राहिला. मी खोटं कशाला बोलू. निवृत्त माणसाला ऐंशी हजार या शब्दांत एक घंटानाद ऐकू येतो. मी वहीच्या मागच्या पानावर खर्चाची बाजू मांडायला घेतली. गाभण कुत्रीचा खुराक, साधारण त्रेसष्ट दिवस. अडली तर सिझेरियन, कारण तेही कुत्रीला होतं. मग आठ पिल्लांचं जंतांचं औषध, आठ पिल्लांच्या लसी. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पिल्लांचा धंदा करायचा तर ब्रीडर म्हणून राज्याच्या प्राणी कल्याण मंडळात नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महिन्याचं झालं की पिल्लू बाहेरचं खाऊ लागतं, दिवसातून चार वेळा. आठ चोक बत्तीस. रोज बत्तीस वाट्या आत जाणार. आत गेलेलं कुठे जातं हा प्रश्न हिशेबाच्या वहीत येत नाही, पण फरशी पुसणारीच्या तोंडावर येतो. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "साहेब, पिल्लं झाली तर मी नाही."

तरीही एक स्थळ पाहून आलो. खंडव्याचं. कुत्र्यांत रीत उलटी आहे, नवरीनं नवऱ्याच्या दारी जायचं, आणि हुंडा म्हणून मुलाकडच्यांना एक तर रोकड नाहीतर सगळ्यांत आधी निवडून घेतलेलं पिल्लू. मुलाचं नाव सुलतान. मुलगा दिसायला देखणा, पण सोफ्यावरून उतरला नाही. मालकांनी लॅमिनेट केलेली वंशावळ समोर ठेवली, केनेल क्लबचा शिक्का, तीन पिढ्या, प्रत्येकाचं नाव जहाजाच्या नावासारखं लांबलचक. मला स्वतःला आजोबांच्या वडिलांचं नाव सांगताना क्षणभर थांबावं लागतं.

"तुमच्या मुलीचे कागद?"

मी लसीकरणाचं पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं. आमच्या घराण्याची आजवर अशी कुणी तपासणी केली नव्हती. तेवढ्यात मला डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं, लॅब्रॅडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष वंशपरंपरेनं उतरतो, जोडी जमवण्याआधी दोघांचे एक्स-रे पाहावेत. मी विचारलं, "कमरेचा एक्स-रे काढलाय का?" मालक मोठ्यानं हसले. "साहेब, मुलाचा एक्स-रे मागणारे तुम्ही पहिलेच." स्थळ तिथंच मोडलं. परतीच्या गाडीत जिलेबी खिडकीतून तोंड काढून कान फडफडवत बसली होती. तिला नकाराचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र असीरगड दिसेपर्यंत राग होता.

विलायती कुत्र्याचं हे वेड आम्हाला आजचं नाही. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला तो आधी आमच्या गावात आला, शहजादा परवेजला भेटायला. त्या परवेजच्या बापाला, जहांगीरला, विलायती मॅस्टिफ कुत्र्यांची भारी हौस, आणि ती पुरवायला इंग्रजांनी जहाजातून कुत्री आणली. जहांगीर तसा या विषयातला दर्दी. सारस पक्ष्यांची एक जोडी लैला-मजनू म्हणून पाळून त्यानं त्यांचं मीलन, अंडी, पिल्लं यांची तपशीलवार नोंद ठेवली. त्यानंच लिहून ठेवलंय की त्याच्या बापानं, अकबरानं, हजारापर्यंत चित्ते जमवले, त्यांना बागेत मोकळं सोडून पाहिलं, पण कैदेत त्यांची जोडी जमेना. पुढे जहांगीरच्या काळात एकदाच एका मादीला तीन पिल्लं झाली. चार शतकांनी आमच्याच राज्यात कूनोला चित्ते आणावे लागले, १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ. पुढल्या मार्चमध्ये त्यांतल्या एकीला चार पिल्लं झाली तर देशभर पेढे वाटल्यासारखी बातमी झाली. चित्त्याचं जमत नाही आणि कुत्र्याचं थांबत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून एकाच्या बाळंतपणाला मंत्री येतात आणि दुसऱ्याच्या बाळंतपणाला नगर निगमची गाडी.

त्या गाडीचा विषय तेव्हा गावभर तापलेला होता. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला, पोळ्याच्या तोंडावर, त्यात बदल केला: पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळता बाकीच्यांची नसबंदी करा, लस टोचा आणि उचललीत तिथंच आणून सोडा. गांधी चौकातल्या चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एका बाजूला चावा घेतलेले, दुसऱ्या बाजूला बिस्कीट टाकणारे. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत: नगर निगमनं नसबंदी करायला पाहिजे, का करत नाही? या टपरीवर बसणाऱ्या अकराजणांची नावं माझ्या वहीत होती. २०२३ च्या नियमांत रस्त्यावरचं कुत्रं नगर निगमच्या आणि घरचं कुत्रं मालकाच्या माथी टाकलेलं आहे, हे मी सांगून पाहिलं. लोक म्हणाले, "घरच्याचा काय संबंध?"

संबंध कळायला लालबागेकडे जाऊन कुंडी भंडारा पाहावा. खानखानान अब्दुल रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं, आणि त्या बोगद्यावर ओळीनं शंभरावर कुंड्या बांधल्या. वरून पाहिलं तर एकेक सुटी विहीर वाटते. लिफ्टनं खाली उतरलं की कळतं, पाणी एकच आहे. कुत्र्यांचं तसंच आहे. हौसेनं नेलेलं पिल्लू सहा महिन्यांत सोफा फाडतं, मालकाची बदली होते, घरात बाळ येतं, आणि एका रात्री ते पिल्लू बायपासवर उतरवलं जातं. पुढल्या भाद्रपदात त्याचा रंग गल्लीत दिसू लागतो. आमच्या गल्लीत एक कुत्रं आहे, पाय देशी, शेपूट देशी, पण तोंड अगदी अल्सेशियन. कुणाच्या तरी सोफ्याचा तो वारस.

आमचे डॉक्टरसाहेब महूच्या कॉलेजातून शिकून आलेले, कमी बोलणारे. आईनं त्यांना थेट विचारलं, "एक वेत होऊ दिलं तर चांगलं ना?" ते म्हणाले, "आजी, त्यानं तिचं काही भलं होत नाही." मग बोटांवर मोजत सांगितलं ते असं. न कापलेल्या कुत्रीला वय वाढलं की हीटनंतर महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. मग तेच ऑपरेशन अर्ध्या रात्री, तापात आणि दामदुपटीनं करावं लागतं. स्तनांच्या गाठींचा धोका लवकर केलेल्या ऑपरेशननं बराच कमी होतो. वजन वाढतं हे खरं, पण ते पोळीला तूप लावून देणाऱ्यामुळे वाढतं. इथे आईनं छताकडे पाहिलं. घाई मात्र करू नये, मोठ्या अंगाच्या जातीत हाडांची वाढ पुरी होऊ द्यावी, फार लहानपणी केलं तर पुढे सांधे कुरकुरतात असं नवं संशोधन म्हणतं. जिलेबी पावणेदोन वर्षांची, तिचं हाड पक्कं झालेलं. "आत्ता हीट चालू आहे. दोन-तीन महिने जाऊ द्या. डिसेंबरात आणा."

"आणि कुणाला धंदाच करायचा असेल तर?" मी विचारलं. ऐंशी हजारांचा घंटानाद अजून पुरता थांबला नव्हता.

"करावा की. एक्स-रे काढून, नोंदणी करून, आणि विकलेलं पिल्लू परत आलं तर ठेवून घ्यायची तयारी असेल तर." त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. "या अकरांपैकी किती परत आणतील, ते विचारा. त्याआधी किती नेतील, ते विचारा."

दिवाळीच्या पाडव्याला मी वही घेऊन निघालो. फराळाची ताटं समोर होती, माणसं खुशीत होती, विचारायला याहून बरा दिवस नव्हता. मी प्रत्येकाला एकच वाक्य म्हटलं: "जानेवारीत पिल्लू तयार आहे, नाव पक्कं करू?"

हेडमास्तरांच्या घरी फरशी नवी बसवली होती. औषधाच्या दुकानवाल्यांना नर हवा होता, पण भुंकणारा नको. भाच्याची बदली इंदूरला. सायकलच्या दुकानवाल्यांच्या आईला कुत्रं शिवलेलं चालत नाही, हे त्यांना त्याच आठवड्यात समजलं होतं. एका वहिनींना मादी नको होती, "हिला पुन्हा पिल्लं झाली तर कोण बघणार?" मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एकानं विचारलं, मोठं झाल्यावर परत घ्याल का? एकाला पॉमेरियन हवं होतं, लॅब्रॅडोर कुत्रीला ते होत नाही हे मी समजावलं, तर तो नाराज झाला. मागवाले चाचा, ज्यांचं नाव आठवं होतं, ते मात्र सरळ बोलले. "भाईसाब, मी त्या दिवशी तुमचं मन राखायला म्हणालो होतो." त्यांच्या खोलीत चार यंत्रमाग खडखडत होते, मला ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी मागाकडे हात केला. "मालाला उठाव नसला की आम्ही आधी माग थांबवतो. कापड काढत राहून मग गिऱ्हाईक शोधायला निघत नाही." आजवर या विषयावर ऐकलेलं सगळ्यांत शहाणं बोलणं मी मागाच्या खडखडाटात, अर्धं हातवाऱ्यांवरून ऐकलं.

अकरापैकी पक्कं नाव एक राहिलं. तात्यांचं. तेही फुकट असेल तर.

त्याच आठवड्यात जिलेबीनं माझी डावी चप्पल दत्तक घेतली. ती तिला पोटाशी घेऊन झोपे, चाटे, कुणी जवळ गेलं तर हलकं गुरगुरे. तिच्या आचळांना दूधही आलं. आईनं मला हाताला धरून नेलं आणि ते दृश्य दाखवलं. "बघ. आता तरी बघ." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगतो, माझ्याही घशात काही तरी अडकलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी कुत्रीचं शरीर असं फसतं, गर्भ नसताना सगळी लक्षणं होतात, काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. चप्पल हळूच काढून घ्या. मी काढली नाही. तीन आठवडे मी उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायात बाथरूमची स्लिपर घालून दूध आणायला गेलो. चौथ्या आठवड्यात तिनं ती चप्पल फाडून खाल्ली. आईपणाविषयी आई नंतर काही बोलली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तात्या शेवटची मसलत द्यायला आले. त्यांच्याकडे टायगर नावाचा नर आहे, जो दर भाद्रपदात तीन दिवस गायब होतो आणि कान फाडून परत येतो. डॉक्टर म्हणाले होते, नराचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही, संध्याकाळी हिंडू-फिरू लागतो. मी म्हटलं, "तात्या, आमच्या जिलेबीबरोबर टायगरचंही उरकून टाकू. एकाच गाडीत जातील."

तात्यांनी मांडीवर मांडी घातली. ओट्यावर बसलेल्या आणखी दोघांनीही घातली. हे मी पूर्वीही पाहिलं आहे. कुत्र्याच्या नसबंदीचा विषय निघाला की पुरुष आपापल्या बसण्यात बदल करतात. आमच्या पिढीला नसबंदी हा शब्द १९७६ पासून नीट ऐकवत नाही. त्या वर्षी तूप आणि ट्रान्झिस्टरच्या आमिषानं माणसं कॅम्पला नेली होती, आणि ज्यांना आमिष नको होतं त्यांनाही नेलं होतं. कुत्र्याला तूप पचत नाही म्हणतात, माणसालाही ते पचलं नाही. त्यानंतर देशातल्या पुरुषांनी जे अंग चोरलं ते आजवर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेली शेकडा ३७.९ आणि पुरुषाचं झालेली शेकडा ०.३. पोट उघडायचं काम बाईकडे, अर्ध्या तासाचं काम कुणाकडेच नाही. आमच्या गल्लीतही जिलेबीला गाडीत चढवलं जात होतं आणि टायगर ओट्यावर बसून ते पाहत होता.

"नर आहे हो तो," तात्या म्हणाले. "त्याचं तेज जाईल."

बायको आतून म्हणाली, "अहो, निघा. तेज इथंच राहू द्या."

ऑपरेशन ठीक झालं. संध्याकाळी जिलेबी गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून आली, टाक्यांना तोंड लावू नये म्हणून. तिला दारांचा अंदाज येईना. ती चौकटीला धडकायची, मागे व्हायची आणि चौकटीकडेच रागानं बघायची. गल्लीतली पोरं तिला "लाउडस्पीकर" म्हणू लागली. आईनं तिच्या भोंग्यात हात घालून तिला चमच्यानं पेज भरवली, आणि पेजेत तूप होतं का, हे मी विचारलं नाही.

भाद्रपदात जे नऊजण दारात बसले होते त्यांना खिडकीतलीच मिळाली नव्हती. बाकी मुहूर्त त्यांनी वाया घालवला नव्हता. कोपऱ्यावरच्या पानटपरीखाली गल्लीची पांढरी कुत्री सहा पिल्लांना घेऊन पडली होती. दोन गारठ्यानं गेली, एक मोटारसायकलखाली. उरलेल्या तिघांतल्या एकाचं तोंड टायगरसारखं होतं, ते मी तात्यांना दाखवलं. "आमचा तसा नाही," ते म्हणाले, अगदी मुलाकडच्यांच्या सुरात.

शेजारच्या गुजराती घरातली पोरं थाळी घेऊन दारोदार आली. कुत्री व्याली की ही मंडळी घरोघरचं पीठ, तेल, गूळ गोळा करून तिला शिरा करून घालतात. आईनं त्यांना पीठ दिलं, गूळ दिला, मग म्हणाली, "तुम्हाला नाही जमायचं, आणा इकडे," आणि स्वतःच कढई चढवली. शिरा निवेपर्यंत ती कढई घेऊन टपरीपाशी जाऊन बसली. या वयात, रस्त्यावर, पाटावर. पांढरी आधी गुरगुरली, मग खाऊ लागली. हाडं मोजता येत होती. तीन पिल्लं तिला लोंबकळत होती आणि ती खाताखाताच दोनदा बसली.

जिलेबी तोवर भोंगा आपटत घरातून पळत आली आणि उरलेला शिरा कढईसकट संपवला. भोंगा कढईत बरोबर बसला, तो काढायला दोघं लागले.

रात्री आईनं मला हाक मारली. "त्या डॉक्टरांचा नंबर आहे ना रे तुझ्याकडे?"

"का? जिलेबीला काही होतंय?"

"जिलेबीला काय धाड भरलीय. त्या पांढरीचं विचार. किती घेतात ते विचार. तात्याकडून अर्धे घे, सांग मी सांगितलंय." ती कुशीवर वळली, आणि मग पुन्हा इकडे वळून म्हणाली, "पण लगेच नको हं न्यायला. आधी तिचा सव्वा महिना होऊ दे."